गोदामातल्या हँडहेल्डसाठी एमडीएम निवडताना

भिवंडीच्या गोदामात झेब्रा किंवा हनीवेलची दणकट हँडहेल्ड (हातात धरून बारकोड वाचायची उपकरणं) वापरत असाल, तर एमडीएमचा, म्हणजे सगळी उपकरणं एका जागेवरून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, डेमो विक्रेत्याच्या लॅपटॉपवर पाहू नका. तुमचंच एक उपकरण त्याच्या हातात द्या. पासवर्ड लावणं, ॲप टाकणं, हरवलेल्या फोनमधला डेटा पुसणं हे सगळेच करतात. इथे खरा प्रश्न स्कॅनरचा. बारकोड वाचल्यावर शेवटी एंटर जावा की टॅब, ही एवढीशी सेटिंग चुकली की पिकिंग (ऑर्डरप्रमाणे माल काढणं) अडकलं! ती सगळ्या उपकरणांवर ऑफिसात बसून बदलून दाखवायला सांगा. अँड्रॉइडवर अशा खास सेटिंग्जसाठी उत्पादकांची ओईएमकॉन्फिग ॲप असतात. ती आपल्या मॉडेलवर चालतात, हे लेखी घ्या.

उपकरणाची एमडीएममध्ये नोंदणीही समोर करून घ्या. नव्या उपकरणाच्या स्वागत स्क्रीनवर एकाच जागी सहा वेळा टॅप केलं की क्यूआर स्कॅनर उघडतो. वाय-फायचा तपशीलही त्याच क्यूआरमध्ये भरता येतो. वापरातल्या उपकरणावर पूर्ण ताबा हवा असेल तर मात्र ते आधी फॅक्टरी रीसेट करावं लागतं, म्हणून हे काम दिवाळीच्या गर्दीत काढू नका.

रात्रपाळीला स्क्रीन दुरून बघता येते का, रॅकच्या टोकाला नेटवर्क गेल्यावर किऑस्क मोड (फक्त ठरलेली ॲप उघडू देणारा) टिकतो का, तेही तपासा. आणि दर ठरवताना कपाटात पडलेल्या सुट्या उपकरणांचंही लायसन्स लागतं का, ते आधीच विचारा.