टोचन होणाऱ्या गाडीला कुणी हटकत नाही : जुनी कार चोरीपासून कशी जपावी

आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीखाली, म्हणजे फियाटखाली, फरशीवर तेलाचा एक डाग आहे. गॅस्केट बदला, काही करा, चार दिवसांत तो पुन्हा हजर. मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला घरचे सगळे नागपूरच्या इतवारीत मारबतीची मिरवणूक पाहायला गेलो. परत आलो तर गाडी पोर्चमध्येच होती, पण डाग इंजिनाखाली नव्हता, ड्रायव्हरच्या दाराखाली होता. म्हणजे कुणीतरी गाडी दोन हात ढकलून पाहिली होती! शेजारच्या काकूंनी दोन पोरं पाहिलीही होती. त्यांना वाटलं, गॅरेजच्या मिस्त्रीकडची असतील.

नेमकी हीच अडचण आहे. नवी गाडी कुणी दोरीने ओढत नेताना दिसलं तर लोक वळून पाहतात. जुनी फियाट टोचन होताना दिसली की "बिचारी, बंद पडली" म्हणतात, वर धक्का मारायलाही येतात. जुन्या गाडीच्या चोराला ती चालू करावीच लागत नाही. त्यामुळे हॉर्न वाजवणाऱ्या अलार्मवर पैसे घालण्याआधी चाकांकडे बघा.

आधी चाकं अडवा

पद्मिनी असो की ॲम्बेसेडर, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. गाडी गिअरमध्ये ठेवली की फक्त मागची चाकं अडतात. मागची बाजू उचलली तर पुढच्या दोन चाकांवर ती हातगाडीसारखी पळते. म्हणून स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून पुढच्या एका चाकाला व्हील क्लॅम्प लावा आणि गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा. हँडब्रेकवर भरवसा नको. एक तर जुनी केबल ताणलेली असते, आणि पावसाळाभर ओढून ठेवला तर लायनर ड्रमला चिकटून बसतात. त्यापेक्षा चाकाला लाकडी ठोकळे लावा.

पोर्च स्वतःचा असेल तर फरशी फोडून काँक्रीटमध्ये एक जाड कडी गाडून घ्या आणि मागच्या ॲक्सलभोवती साखळी टाका. साखळी ओवताना खाली वाकून नीट बघा: ॲक्सलला लागून ब्रेकचा बारीक पाइप गेलेला असतो, साखळी त्याच्यावर दाबली जाता कामा नये. साखळीवर सायकलची जुनी ट्यूब चढवा, रंग खरवडला जात नाही. कुलूप जमिनीला टेकू देऊ नका. जमिनीवर टेकवून कटरवर पायाचा जोर देता येतो, अधांतरी तो मिळत नाही.

मग करंट तोडा

जुन्या गाडीची किल्ली म्हणजे नुसता स्विच. डॅशबोर्डखालच्या वायरी जोडून गाडी डायरेक्ट करणं कुठल्याही मिस्त्रीच्या हाताखालच्या पोराला येतं. पण पेट्रोल गाडीत एक बिनखर्चाचा उपाय आहे. इग्निशन बंद करून डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना करंट वाटणारा भाग) टोपीच्या क्लिपा काढा, आतला रोटर वर उपसा आणि घरात नेऊन ठेवा. रोटरशिवाय प्लगपर्यंत करंट पोचत नाही. स्टार्टर फिरत राहतो, इंजिन पकडत नाही, आणि चोराला वाटतं गाडीच बिघडलेली आहे. माझा रोटर चहाच्या डब्यामागे असतो. ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवणारेही महाभाग पाहिलेत मी.

डिझेल ॲम्बेसेडरला ही युक्ती लागू नाही, तिथे डिस्ट्रिब्युटरच नसतो. साध्या यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन बॅटरीशिवाय धक्क्यावरही सुरू होऊ शकतं. तिथे डिझेलच्या नळीवर सहज न दिसणाऱ्या जागी एक कॉक बसवून घ्या.

बॅटरीचा कटऑफ स्विच मात्र दोन्हींना हवा. चोराचं सोडा, नवतपात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की जुन्या वायरींचं आवरण तडकतं. उभ्या गाडीत शॉर्टसर्किट होण्याची भीतीही त्याने कमी होते.

जीपीएस ट्रॅकर घेणार असाल तर तो याच स्विचशी ताडून बघा. ट्रॅकर स्विचच्या पुढे जोडला तर बॅटरी तोडली की तोही झोपतो. स्विचच्या आधी जोडला तर महिना-दोन महिने उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू पिऊन टाकतो. स्वतःची बॅटरी असलेला घ्या, आणि विकत घेण्याआधी तुमच्या तळघराच्या पार्किंगमध्ये त्याला मोबाइलची रेंज मिळते का, हे तपासा.

गाडी तुकड्यातुकड्यानेही जाते

पद्मिनी बंद होऊन दोन तपं उलटली, ॲम्बेसेडर २०१४ साली थांबली. अस्सल हबकॅप, बॅज, ग्रिल, दिव्यांच्या रिंगा आता जुन्या गाड्यांवरूनच मिळतात, म्हणून त्यांना गिऱ्हाईक आहे. प्रदर्शन किंवा लग्नाची वरात नसेल तेव्हा हबकॅप काढून घरात ठेवा. गाडीवर कव्हर घाला, पण त्याच्यावर महिन्याची धूळ साचू देऊ नका. ती धूळच सांगते की इकडे कुणी फिरकत नाही.

धरमपेठ, रामदासपेठेतले बंगले पाडून फ्लॅट उभे राहतायत, तेव्हा सगळ्यात वाईट काळ मधल्या दोन वर्षांचा. गाडी कुणाच्या तरी मोकळ्या प्लॉटवर जाते, नाहीतर 'काम निवांत करा' म्हणून मिस्त्रीकडे. या काळात भाड्याचं, शटरचं गॅरेज बघा. मिस्त्रीकडे सोडताना त्याच्यासमोर चारी बाजूंनी, इंजिनाचे, आतले फोटो काढा आणि तारीख घालून कागदावर लिहून घ्या. चांगला मिस्त्री याचा राग मानत नाही. समाजमाध्यमांवर फोटो टाकायचा मोह आवरत नसेल, तर निदान नंबर आणि घराचं फाटक तरी झाका.

कागद

इथे बहुतेक जण कच्चे असतात. आजोबांची गाडी म्हणून मिरवतो आणि आरसी बुकवर नावही आजोबांचंच असतं. मालक वारले की तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावाचा अर्ज करायचा, असा नियम आहे. हे राहिलं तर विम्याचा दावाही अडतो आणि सापडलेली गाडी सुपूर्दनाम्यावर (कोर्टाला हमी लिहून देऊन) सोडवतानाही. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप घ्या, इंजिन नंबरशेजारी ठेवून आरसीशी जुळवा. इंजिन कधी बदललं असेल आणि नोंद नसेल तर आत्ताच करून घ्या. आपली एखादी खूण दोन-तीन आडजागी पंच करा. एक सीटच्या लोखंडी सांगाड्यावर, बाकीच्या तुम्हीच ठरवा आणि मलाही सांगू नका.

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. सर्वसमावेशक विमा घ्या. पाच वर्षांपेक्षा जुन्या आणि बंद पडलेल्या मॉडेलची किंमत विमा कंपनी आणि तुम्ही बोलून ठरवायची असते, तेव्हा दुरुस्तीची बिलं आणि फोटो घेऊनच बोलायला बसा. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. पण मग ती रोज बाजारात नेता येत नाही, हे आधी लक्षात घ्या.

गेलीच तर

आधी ११२. नागपूरहून एक रस्ता जबलपूरला, एक रायपूरला, एक हैदराबादला, एक अमरावतीला; दोन तासांत गाडी मध्य प्रदेशात असू शकते, म्हणून 'सकाळी बघू' नको. हद्दीचा वाद घालत बसू नका, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. फास्टॅग असेल तर टोलचा मेसेज येतो का, यावर डोळा ठेवा. विमा कंपनीला आणि आरटीओला त्याच दिवशी लेखी कळवा. तपास लागला नाही तर पोलीस 'अ समरी' अहवाल पाठवतात. दाव्याला तो लागतो. आणि दोन्ही किल्ल्या लागतात. आमच्या पद्मिनीची दुसरी किल्ली बाबांच्या लग्नापासून सापडत नव्हती. गेल्या महिन्यात सीताबर्डीवर नवी करून घेतली आणि तिची पावती विम्याच्या फाइलला लावून ठेवली.