शोभेच्या महाकाय अ‍ॅलियमची कंदापासून लागवड

कांदा आणि लसूण ज्या अ‍ॅलियम प्रजातीतले आहेत, त्याच प्रजातीत केवळ फुलांसाठी लावल्या जाणाऱ्या काही उंच जातीही आहेत. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याला धरणारा गोंडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या फुलाची ठेवण लगेच ओळखता येईल. मात्र इथे दांडा माणसाच्या उंचीपर्यंत जातो आणि त्याच्या टोकाला जांभळा, गुलाबी किंवा पांढरा भरगच्च गोल उमलतो. यांतील बऱ्याच जाती मध्य आणि नैर्ऋत्य आशियातील डोंगराळ, कोरड्या मुलखातल्या आहेत. तिथे हिवाळा कडक असतो, वसंतात ओलावा मिळतो आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते. बागेतही त्यांना हाच क्रम हवा असतो आणि लागवडीचे जवळजवळ सगळे नियम त्यातूनच निघतात.

जात निवडताना दांड्याची उंची आणि गोंड्याचा व्यास या दोन्हींचा विचार करावा, कारण सर्वांत उंच झाडाचा गोंडा सर्वांत मोठा असतोच असे नाही. अ‍ॅलियम जायगँटियम दीड ते पावणेदोन मीटर उंच वाढते, पण त्याचा गोंडा साधारण 10 ते 15 सेंटिमीटरचा असतो. ‘ग्लोबमास्टर’ हा संकरित वाण मीटरभरच वाढतो, पण त्याचा गोंडा 20 सेंटिमीटरच्या आसपास भरतो आणि फुलोरा बराच काळ टिकतो. पांढऱ्या रंगासाठी ‘माउंट एव्हरेस्ट’ घ्यावे. अ‍ॅलियम शुबर्टीचा दांडा जेमतेम अर्धा मीटर असतो, पण फुले लहानमोठ्या देठांवर चहूकडे फेकल्यासारखी पसरतात आणि गोंडा 30 सेंटिमीटरपर्यंत जातो. पहिल्यांदाच लागवड करणाऱ्याने ‘पर्पल सेन्सेशन’पासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे, त्याचा गोंडा लहान असला तरी कंद स्वस्त, काटक आणि फुलायला भरवशाचा असतो.

कंद हातात घेऊन पारखावा. तो आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे, आणि ज्या चकतीतून मुळे फुटतात त्या बुडाच्या चकतीवर अंगठा दाबला असता ती टणक लागली पाहिजे. बाहेरचा पापुद्रा फाटलेला किंवा निघालेला असला तरी चालते, परंतु बूड मऊ लागत असेल किंवा कुबट वास येत असेल, तर तो कंद घेऊ नये. शक्य असेल तेवढा मोठा कंद निवडावा, कारण पहिल्या वर्षीचे फूल त्यात साठवलेल्या अन्नावरच येते.

लागवड शरद ऋतूत, म्हणजे उत्तर गोलार्धात सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत, जमीन गोठण्यापूर्वी करावी. त्यामुळे थंडीच्या आधी मुळे धरतात. हिवाळ्यातील दीर्घ थंडी मिळाल्याशिवाय या जाती नीट फुलत नाहीत. जिथे हिवाळा सौम्य असतो, तिथे काही लोक लावण्यापूर्वी दोन-अडीच महिने कंद फ्रिजमध्ये ठेवतात. तसे करायचे झाल्यास ते कागदी पिशवीत आणि फळांपासून दूर ठेवावेत, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतल्या कळीला मारक ठरतो. तरीही थंड प्रदेशातला फुलोरा त्यातून मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

जागा दिवसभर उन्हाची आणि पाण्याचा उत्तम निचरा होणारी असावी. हे कंद थंडीने क्वचितच दगावतात; बहुतेक वेळा ते साचलेल्या ओलीने कुजतात. माती चिकण असेल तर खड्ड्याच्या तळाशी रेतीचा थर देऊन भागत नाही. संपूर्ण वाफ्याच्या मातीत भरड रेती व कुजलेले कंपोस्ट मिसळावे आणि वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा. ताजे शेणखत घालू नये. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, म्हणजे मोठ्या कंदांसाठी 15 ते 20 सेंटिमीटर, खड्डा घ्यावा आणि दोन कंदांत 25 ते 30 सेंटिमीटर अंतर ठेवावे. उथळ लावलेल्या कंदाचा उंच दांडा वाऱ्याने कलतो. कंदाचे टोक वर ठेवून माती लोटावी, हलकेच दाबावी आणि एकदा पाणी द्यावे. त्यानंतर पाऊस अगदीच नसेल तरच पाणी द्यावे.

हिवाळा सरता सरता पट्ट्यासारखी रुंद पाने जमिनीलगत पसरतात. इथून पुढचे काही आठवडे सर्वांत महत्त्वाचे असतात, कारण पुढच्या वर्षीचा कंद याच पानांवर भरतो. या काळात माती कोरडी पडू देऊ नये, आणि पाने वर येताच पालाश अधिक व नत्र कमी असलेले खत एकदा द्यावे. नत्र जास्त झाले तर पाने लुसलुशीत होतात आणि रोगाला लवकर बळी पडतात. दांडा वर चढत असतानाच पानांची टोके पिवळी पडू लागतात, आणि फूल पूर्ण उमलेपर्यंत ती बऱ्याचदा वाळून गेलेली असतात. नवख्या माळ्याला हा रोग वाटतो; तो पाणी वाढवतो किंवा पाने कापून टाकतो, आणि दोन्हींनी कंदाचे नुकसानच होते. पान पूर्ण वाळून हाताने सहज निघेपर्यंत त्याला हात लावू नये. ते दृश्य खटकत असेल, तर पुढे जिरेनियम किंवा नेपेटा यांसारखी पसरणारी बुटकी झाडे लावावीत. ती पाने झाकतात, पण कंदावरचे ऊन अडवत नाहीत.

वसंताच्या अखेरीस दांड्याच्या टोकावरचे पातळ आवरण फाटते आणि आतून सहा पाकळ्यांची ताऱ्यासारखी शेकडो फुले उमलू लागतात. मधमाश्यांची त्यांवर सतत वर्दळ असते, म्हणून या काळात कीटकनाशक फवारू नये. जागा फार वाऱ्याची नसेल तर आधाराची गरज पडत नाही. फुले सुकल्यावर गोंडा शोभेसाठी तसाच ठेवता येतो. मात्र बी धरण्यात कंदाची शक्ती खर्च होऊ नये असे वाटत असेल, तर तो खुडावा आणि हिरवा दांडा राहू द्यावा.

उन्हाळ्यात कंद सुप्तावस्थेत जातात, तेव्हा त्यांना पाणी देऊ नये. जिथे उन्हाळ्यातच पाऊस पडतो, तिथे पाने वाळल्यावर कंद काढून, माती झटकून, हवेशीर सावलीत कोरडे ठेवणे आणि शरदात पुन्हा लावणे चांगले. पानांवर तांबेऱ्याचे नारिंगी ठिपके आले तर रोगट पाने काढून नष्ट करावीत. पांढरी कूज मात्र गंभीर आहे: बुडाशी कापसासारखी बुरशी आणि तीत खसखशीएवढे काळे दाणे दिसले, तर ते कंद भोवतालच्या मातीसह उचलून बागेबाहेर टाकावेत. हे दाणे मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात, म्हणून त्या जागी कांद्याच्या कुळातले काहीही पुन्हा लावू नये. या झाडाचा कोणताही भाग खाल्ल्यास कुत्र्या-मांजरांना विषबाधा होते, त्यामुळे उकरून काढलेले कंद उघड्यावर सोडू नयेत.

तीन-चार वर्षांनी फुले लहान होऊ लागली, तर कंदांची दाटी झाली आहे असे समजावे. सुप्तावस्थेत ते उकरून वेगळे करावेत आणि मोठे कंद लगेच किंवा शरदात नव्या जागी लावावेत. लहान पिलकंद बाजूच्या वाफ्यात वाढवावेत. संकरित नसलेले अ‍ॅलियम बियांपासूनही येते, पण फुलायला काही वर्षे लागतात. ‘ग्लोबमास्टर’ला बी धरत नाही, त्यामुळे त्याची वाढ पिलकंदांतूनच करावी लागते.