कॅल्कचा एक्सएलएसएक्स इम्पोर्ट कोड रिफॅक्टर करायचाय? आधी टेस्ट, मग कात्री

लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमधला स्प्रेडशीटचा प्रोग्राम म्हणजे कॅल्क, त्याचा बहुतेक कोड एससी फोल्डरमधे आहे, त्यात सोर्स, मग फिल्टर, तिथे एक्सेल फोल्डर म्हणजे एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइली आणि ओओएक्स फोल्डर म्हणजे नव्या एक्सएलएसएक्स फाइली उघडायचा कोड. हा कोड बघितला की सगळं एका दमात रिफॅक्टर, म्हणजे वागणूक तीच ठेवून साफ, करावंसं वाटतं पण प्लीज तसं करू नका, लोकांचे पगारपत्रक आणि हिशोब याच कोडमधून उघडतात.

आधी टेस्ट. एससीच्या क्यूए फोल्डरमधे सबसिक्वेंट फिल्टर्स नावाच्या टेस्ट आहेत, त्यात आपली छोटीशी फाइल टाका आणि आज जे उत्तर येतं ते पक्कं करून ठेवा. फाइलमधे शेअर्ड फॉर्म्युला (अनेक सेलना मिळून एकदाच लिहिलेला) हवा आणि 1904 वाली तारीख हवीच (एक्सेलमधे दिवस 1900 पासून किंवा 1904 पासून मोजतात), कारण ती सिस्टीम 1900 च्या सिस्टीमपेक्षा 1462 दिवसांनी सरकलेली असते आणि चुकलं तर एरर येत नाही, गुपचूप चार वर्षं मागेपुढे होतात. एक मराठी सेलही टाका, देवनागरीचा फॉन्ट तिथे सीटीएल (गुंतागुंतीच्या लिप्यांचा गट) म्हणून वेगळा सेट होतो आणि तो राहून गेला तर फक्त आपल्यालाच दिसतं.

आता खरा भाग. जुन्या पद्धतीत प्रत्येक सेल यूएनओ एपीआयमधून (लिब्रेऑफिस बाहेरच्या कोडसाठी जो दरवाजा ठेवतं त्यातून) भरला जायचा, म्हणजे दर सेलला नवीन ऑब्जेक्ट, दर व्हॅल्यूला बाकीच्यांना बदलाची खबर, लाखभर सेल असले की फाइल उघडता उघडायची नाही. आता सेल भरायचं बहुतेक काम एससीडॉक्युमेंटइम्पोर्ट क्लासकडे (कोडच्या एका तयार भागाकडे) गेलंय, जिथे जुनी पद्धत उरली असेल तिथेही तोच वापरा, तो थेट कॉलममधे लिहितो. गंमत अशी की एक्सएलएसएक्समधे डेटा ओळीओळीने येतो आणि कॅल्क तो कॉलमप्रमाणे साठवतो, म्हणून दर सेलला उडी मारावी लागते, हा क्लास प्रत्येक कॉलममधली शेवटची जागा लक्षात ठेवतो त्यामुळे शोधाशोध वाचते. सगळं भरून झालं की त्याच क्लासचं फायनलाइझ फंक्शन बोलवायला विसरू नका, फॉर्म्युला सेलचे ग्रुप तिथे जुळतात.

एका वेळी सेलचा एकच प्रकार नव्या क्लासकडे हलवा, आधी नुसते आकडे, मग स्ट्रिंग, फॉर्म्युले शेवटी, आणि दर वेळी टेस्ट चालवा. वाटेत जुना बग सापडला तर तो त्याच कमिटमधे (बदलांच्या त्याच नोंदीत) दुरुस्त करू नका, वेगळा पॅच करून गेरिटवर, म्हणजे लिब्रेऑफिसचे बदल तपासले जातात त्या साइटवर, टाका, नाहीतर पुढे कोणी बायसेक्ट करत, म्हणजे बिघाड कोणत्या कमिटने आणला ते निम्मे-निम्मे करून शोधत, बसला तर त्याला कळणारच नाही की वागणूक नेमकी कशाने बदलली.