सोसायटीतलं हवामान बदल रोखण्याचं काम दुसऱ्या वर्षी का बंद पडतं? या चुका टाळा

कंपोस्टचे पिट बांधले, गच्चीवर सोलर पॅनेल चढले, आवारात रोपं लागली. पहिलं वर्ष उत्साहात जातं. दुसऱ्या पावसाळ्यात पिटांवर ताडपत्री येते, पॅनेलवर धुळीचा थर बसतो आणि अर्धी रोपं वाळलेली असतात. यामागची कारणं बहुतेक ठिकाणी तीच ती असतात आणि ती वेळेत ओळखली तर दुरुस्तही होतात.

ओला कचरा: पाचोळ्याची बेगमी नाही

डेपोत ढीग झालेला ओला कचरा हवेशिवाय कुजतो आणि त्यातून मिथेन सुटतो. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा 80 पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. मुंबईच्या देवनार डेपोत 1927पासून कचरा पडतो आहे. 2016मध्ये तिथे लागलेल्या आगींचा धूर शहरभर पसरला होता. सोसायटीच्या हातात असलेल्या कामांत आम्ही कंपोस्टला पहिला नंबर देतो तो यामुळेच.

साठ घरांच्या सोसायटीत रोज साधारण 30 ते 40 किलो ओला कचरा निघतो. त्याचं आकारमान धरा 70 लिटर. तेवढाच कोरडा पाचोळा मिसळावा लागतो, म्हणजे रोजचे 140 लिटर. हा माल बसून निम्म्यावर येतो, त्यामुळे एक घनमीटरचा पिट पंधरा दिवसांत भरतो. कंपोस्ट मुरायला 45 ते 60 दिवस लागतात. म्हणून एक भरत असताना बाकीचे चार मुरत राहतील असे पाच पिट हवेत. खर्च वाचवायला दोनच बांधले, की महिन्याभरातच दोन्ही भरतात आणि कच्चा माल उपसावा लागतो. तो कुंडीत घातला की पुन्हा तापतो, मुळं जळतात आणि ‘कंपोस्ट वाईट असतं’ असा बोभाटा होतो.

खरी गोम मात्र पाचोळ्यात आहे. फेब्रुवारी ते एप्रिल झाडांखाली पानांचा खच पडतो. तेव्हा तो झाडून पेटवला जातो किंवा घंटागाडीत जातो. जुलैत कोरडं पान मिळत नाही, पिटात नुसता ओला कचरा पडतो, वास सुटतो, तळमजल्यावरचे रहिवासी तक्रार करतात आणि कमिटी पिट बंद करते. ही साखळी एप्रिलमध्येच तोडायची. वीस-पंचवीस मोठी पोती भरून पार्किंगमध्ये पावसापासून आडोशाला ठेवा. पानं चुरून भरली तर पोत्यात दुप्पट मावतात आणि लवकर कुजतात. तरीही कमी पडली, तर कोकोपीट किंवा रंग-पॉलिश न लागलेल्या लाकडाचा भुसा चालतो.

बिघाड कसा ओळखायचा? नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पाचोळा कमी पडला आहे. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कोंडली आहे. दोन्ही वेळा माल तळापासून वर-खाली करा आणि थराथराने पाचोळा घाला. वरून सुगंधी फवारा मारून काही होत नाही. मूठभर माल घट्ट दाबून बघा. दोन-चार थेंब सुटले तर ओल योग्य आहे. धार लागली तर पाणी जास्त आहे. मूठ उघडताच माल भुरभुर सुटला तर पाणी शिंपडा. लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा. हातात धरवत नसेल तर आत 55 ते 65 अंश तापमान आहे आणि काम नीट चाललं आहे. सळई गारच राहिली तर पिट फार कोरडा, फार ओला किंवा अर्धा रिकामा आहे.

अळ्या दिसल्या की औषध मारायची घाई करू नका. बहुतेकदा त्या सोल्जर माशीच्या असतात आणि कचराच खातात. त्या फार वाढल्या म्हणजे ओल वाढली आहे, एवढाच त्याचा अर्थ. उंदीर येतात ते उघड्या पडलेल्या भात-पोळीवर. शिजवलेलं अन्न मधल्या थरात घालून त्यावर चार बोटं पाचोळा पसरा.

‘24 तासांत खत’ म्हणून विकली जाणारी विजेची मशीनं कचरा तापवून, वाळवून बारीक करतात. बाहेर पडणारी तपकिरी पूड खतासारखी दिसते, पण ती मुरलेली नसते. मशीन आधीच घेतलं असेल तर ती पूड पिटात आणखी महिनाभर मुरवा. ‘बायोडिग्रेडेबल’ छापलेल्या पिशव्याही पिटात नकोत. त्यांना कारखान्यातल्या कंपोस्टिंगइतकी सलग उष्णता लागते.

गच्चीवरचं सोलर: आकडा न मांडता घेतलेला निर्णय

लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे ज्या कॉमन मीटरवर आहेत, त्याची बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा. महाराष्ट्रात 1 किलोवॉटमागे वर्षाच्या सरासरीने रोज 4 युनिटच्या आसपास वीज मिळते, म्हणजे महिन्याला 120. महिन्याचा वापर 2,000 युनिट असेल तर 17 किलोवॉट पुरतात. जागा लागते किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट, तीही सावली नसलेली. याहून मोठा संच बसवू नका. उरलेली युनिट महिन्या-महिन्याला पुढे सरकतात, पण 31 मार्चला शिल्लक राहिलेल्यांचा भाव अगदी कमी मिळतो. शिवाय संच मंजूर भारापेक्षा, म्हणजे वीज कंपनीने त्या मीटरला मंजूर केलेल्या किलोवॉटपेक्षा, मोठा चालत नाही. भार वाढवून घ्यायचा असेल तर तो अर्ज आधी करा.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. ते संच सुरू होऊन तपासणी झाल्यावर जमा होतं. ठेकेदाराला पूर्ण रक्कम कशी द्यायची, हे सर्वसाधारण सभेच्या ठरावातच लिहून घ्या.

जागेची पाहणी मे महिन्यात करणं ही सर्रास होणारी चूक. तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि सावल्या आखूड पडतात. डिसेंबरात पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि शेजारची इमारत यांच्या सावल्या लांबतात. एकाच ओळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली आली तरी सगळ्या ओळीची वीज घटते. 22 डिसेंबरच्या सुमारास सकाळी 9 ते दुपारी 3 कुठे सावली पडते ते खडूने आखा आणि मगच मांडणी ठरवा. तोंड दक्षिणेकडे, कल 15 ते 20 अंश. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी उरकून घ्या. स्टँड काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे करा, स्लॅबमध्ये भोकं पाडू देऊ नका.

वीज गेली की नेट मीटरचं (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरवरचं) सोलरही बंद पडतं. तो बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या दिशेने शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करून ग्रिडला जोडणारं यंत्र, स्वतःहून थांबतो. एवढं आधी सांगितलं नाही, तर पहिल्याच भारनियमनात सभासद चिडतात.

धुलाई सकाळी लवकर करा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते आणि बोअरच्या जड पाण्याने पांढरे डाग धरतात. महिन्याची निर्मिती वहीत लिहा. एप्रिलमध्ये किलोवॉटला रोज 5 युनिटच्या आसपास मिळायला हवीत; जुलैत निम्म्यावर आली तरी घाबरू नका. स्वच्छ उन्हाच्या महिन्यात ती 3च्या खाली गेली, तर धूळ, सावली किंवा इन्व्हर्टर, या क्रमाने तपासा. आपल्या ग्रिडच्या विजेत कोळसा इतका आहे, की दर युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. 17 किलोवॉटचा संच नीट चालला तर वर्षाला सुमारे 17 टन वाचतात. धुळीने पाचवा हिस्सा गमावला, तर तीनेक टनांवर पाणी पडलं.

एसीचा गॅस

याकडे जवळजवळ कुणाचं लक्ष नसतं. दीड टनाच्या एसीत साधारण एक किलो गॅस असतो. तो आर-410ए असेल तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2,000 पट तापवतो, आर-32 असेल तर 675 पट. एक किलो आर-410ए गळला म्हणजे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेल्यासारखं! दर उन्हाळ्यात ‘गॅस टॉप-अप’ करून घेणं ही चूक आहे. एसीतला गॅस खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. मेकॅनिकला आधी नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचं पाणी लावायला सांगा. मग व्हॅक्यूम पंप आणि शेवटी वजनकाट्यावर मोजून गॅस. घर बदलताना जुना गॅस हवेत सोडू देऊ नका. पंप-डाउन करून तो बाहेरच्या युनिटमध्येच अडकवता येतो. हे वायू कमी करण्यासाठी 2016मध्ये रवांडातल्या किगाली इथे जागतिक करार झाला आणि भारताने 2021मध्ये त्याला मान्यता दिली. त्याची अंमलबजावणी अखेर प्रत्येक खिडकीबाहेरच्या पितळी सांध्यावर येऊन ठरते.

आता रोपांचं. झाडं लावताना बुंध्याभोवती किमान एक मीटर माती उघडी ठेवा आणि तीन उन्हाळे पाणी देण्याची जबाबदारी नाव घालून वाटा. बकुळ, करंज, कदंब, ताम्हण निवडा. तीनशे रोपांपेक्षा जगलेली तीस बरी.

महापालिकेकडे मोघम मागण्या

‘प्रभागात हरित उपाय करावेत’ अशा निवेदनावर फक्त पोचशिक्का पडतो. काम, जागा आणि माप लिहा: अमुक चौक ते तमुक शाळा, फूटपाथ सलग, रुंदी दोन मीटर, झाडांच्या आळ्यांसह. पुण्यात 2006पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. मुदत पावसाळ्यातच येऊन जाते, आणि बहुतेक लोक अंदाजपत्रक सादर होताना जागे होतात. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च 2022मध्ये आला. त्यातलं कुठलं कलम आपल्या वॉर्डाला लागू आहे ते शोधून निवेदनात नमूद करा.

पाठपुराव्यासाठी माहिती अधिकार वापरताना ‘काम का झालं नाही?’ असं विचारू नका. कायदा नोंदीतली माहिती देतो, खुलासे नाही. कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि दिलेली बिलं यांच्या प्रती मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवायचा असतो. दोन विषय असतील तर दोन अर्ज, प्रत्येकी दहा रुपये.

केंद्र सरकार पर्यावरणविषयक नियमांचे मसुदे काढतं, तेव्हा हरकतींसाठी सहसा 60 दिवस मिळतात. एकाच मजकुराचे हजार ईमेल धाडले तर ते एकच हरकत म्हणून निकाली निघू शकतात. कलमाचा क्रमांक, त्यातलं नको असलेलं वाक्य, त्याऐवजी सुचवलेलं वाक्य आणि आपल्या भागातला एक दाखला, एवढं एका पानावर लिहून स्वतःच्या नावाने पाठवा. वीजदराच्या याचिकांवर वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो, तिथेही असंच करा. वहीतले सोलरचे आकडे त्या अर्जाला जोडायला हाताशी असतातच.