चतुर्थीची भाजी आणि फळमाशी: पडलेली फळे आजच उचला

श्रावण जवळ आला की पठारावरची तवशी (काकड्या), दोडकी, कारली आणि पडवळ भरायला लागतात. फळमाशीही नेमकी तेव्हाच वाढते. माझा अनुभव असा, की सलग पावसानंतर दोन-तीन दिवस उघडीप मिळून ऊन पडले की डंखलेली, म्हणजे माशीने आत अंडी घातलेली फळे एकदम दिसू लागतात. अशी उघडीप दिसली की बाकीचे काम बाजूला ठेवून मांडवाखाली जा.

गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरी, कुठेही बघा, चूक एकच. विकण्याजोगे फळ काढायचे आणि डंखलेले गडग्यापलीकडे (कुंपणाच्या दगडी बांधापलीकडे) फेकायचे, किंवा पडले तिथेच सोडायचे. त्या फळातली अळी पोसून बाहेर पडते, वरच्या दोन-तीन बोटे मातीत कोष करते आणि पंधरा-वीस दिवसांत नवी माशी पुढच्या फळावर बसते. तुमच्या मळ्यातली माशी बहुतेक तुमच्याच टाकलेल्या फळांतली असते.

म्हणून रोज सकाळी फेरी मारा. ज्यावर चिकाचा थेंब दिसतो, जे एका बाजूला वाकले आहे, पिवळे पडले आहे किंवा गळले आहे, ते प्रत्येक फळ उचला. गायरीत (शेणखताच्या खड्ड्यात) टाकू नका, तिथे अळी आरामात जगते. जांभ्याच्या जमिनीत फळे पुरायला दोन फूट खड्डा मारणे सोपे नसते, म्हणून खताच्या पोत्यातली आतली प्लास्टिक पिशवी घ्या, फळे भरा, तोंड घट्ट बांधा आणि पंधरा दिवस उघडू नका.

दुकानदार महागडी बाटली पुढे करील. फळाच्या आत शिरलेल्या अळीपर्यंत वरून फवारलेले औषध नीट पोचत नाही, आणि रोज तोडणीच्या भाजीवर ते मारणे खाणाऱ्याच्याही जिवाशी खेळ आहे. पैसे खर्चायचेच असतील तर क्यू ल्यूरच्या (नर माशीला ओढणाऱ्या वासाच्या) सापळ्यांवर खर्चा: एकरी 10, फुले येण्याआधी, मांडवाच्या उंचीला. आंब्याचा मिथाइल युजेनॉल सापळा गळ्यात मारला तर घेऊ नका, वेलवर्गातली माशी त्याकडे येत नाही. क्यू ल्यूरमध्येही फक्त नर अडकतात, म्हणून सापळा लावला तरी फळे उचलावीच लागतात.

शिफारशीतले आमिष: 10 लिटर पाण्यात मॅलॅथिऑन (कीटकनाशक) 50 टक्के 20 मिली आणि गूळ 100 ग्रॅम. ते फळांवर न मारता कडेला लावलेल्या मक्याच्या पानांवर, संध्याकाळी शिंपडा. माशी तिथे विसावते. हे औषध शेजारच्या भेंडी-वांग्यावर उडू देऊ नका. आधी झोनल कृषी कार्यालयात विचारा आणि डब्यावरचे लेबल वाचा. मोकळ्या कोंबड्या असतील तर सकाळी मांडवाखाली सोडा. त्या माती उकरून कोष खातात. याला शिफारस नाही, पण मला फरक दिसला आहे.

बाकीची कामे:
- चर मोकळे ठेवणे
- मांडव घट्ट बांधणे
- तण काढणे, मातीची भर देणे
- भेंडी एक दिवसाआड तोडणे
- 5 टक्के निंबोळी अर्क, उघडीप बघून

चतुर्थीच्या आठवड्यात माटोळीच्या (गणपतीवर फळे-भाज्या टांगायच्या चौकटीच्या) आणि बाजाराच्या धावपळीत फळे उचलायची राहतात. हे काम घरातल्या एकाकडे आताच नेमून द्या. आणि सण झाल्यावर भाव पडला म्हणून वेल तसेच सोडू नका: उरलेली फळे काढून पिशवीत बांधा, वेल उपटा, शेजाऱ्यालाही त्याच आठवड्यात उपटायला सांगा.