फिरतो, पण तापत नाही: कपड्यांच्या ड्रायरचा दोष शोधण्याची रीत

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या धानाच्या पट्ट्यात रोवणीच्या दिवसांत पावसाची झड लागली, की धुतलेले कपडे ओसरीतल्या वळणीवर कितीही दिवस ठेवले तरी दमटच राहतात आणि त्यांना कुबट वास सुटतो. ज्या घरांनी, वसतिगृहांनी किंवा तालुक्याच्या गावातील लाँड्रीवाल्यांनी विजेचा ड्रायर घेतला आहे, त्यांना तो नेमका याच दिवसांत हवा असतो. ड्रम फिरतो, पंख्याचा आवाज येतो, वेळ संपल्याची घंटी वाजते आणि कपडे मात्र ओलेच निघतात, असे झाले की ‘हीटर जळाला’ असा निकाल देऊन मिस्त्रीला फोन लावला जातो. माझ्या मते त्याआधी घराच्या वीजमीटरकडे पाहावे, कारण दोष यंत्रात आहे, पुरवठ्यात आहे की हवेच्या वाटेत आहे, हे झाकण न उघडता तेथेच कळू शकते.

काही खुलासे आधी करणे आवश्यक आहे. दोन टबांच्या वॉशिंग मशीनमधील ‘ड्रायर’ कपडे जोरात फिरवून केवळ पाणी काढतो. त्यात हीटर नसतोच, त्यामुळे तो तापण्याचा प्रश्न येत नाही. हीट पंप प्रकारच्या ड्रायरमध्येही तारेचा हीटर बहुधा नसतो. त्याची हवा जेमतेम ऊन लागते, वेळ जास्त जातो आणि त्यातील वायूची बंद नळी घरी उघडण्यासारखी नसते. पुढील विवेचन तारेच्या हीटरवर चालणाऱ्या, म्हणजे दमट हवा पाइपने बाहेर टाकणाऱ्या किंवा तिचे पाणी करून टाकीत साठवणाऱ्या घरगुती ड्रायरविषयी आहे. बटण ‘थंड हवा’ या खुणेवर तर राहिले नाही ना, हेही पाहावे. शेवटची काही मिनिटे कपडे गार करण्यासाठी यंत्र स्वतःच हीटर बंद करते, तेव्हा त्या वेळी हात लावून परीक्षा करू नये.

आता मीटरची परीक्षा. घरातील फ्रीज, पंखे, दिवे, पाण्याची मोटर असे सर्व काही बंद करावे, ड्रायरमध्ये ओले कपडे घालून तो पूर्ण उष्णतेवर सुरू करावा आणि दोन-तीन मिनिटांनी मीटरवरील लाल दिव्याची उघडझाप एक मिनिटभर मोजावी. एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. अनेक मीटरांवर तो १६०० किंवा ३२०० असतो. हीटर २००० वॅटचा आणि मीटर ३२०० चा धरला, तर हीटर चालू असताना दिवा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा लुकलुकेल. हीटर मुळीच चालत नसेल आणि केवळ अडीचशे वॅटची मोटर फिरत असेल, तर मोजणी तेरा-चौदाच्या पुढे जाणार नाही. १६०० च्या मीटरवर हे आकडे निम्मे धरावेत. तपासणी सुरुवातीलाच करावी, कारण आतील हवा तापल्यावर थर्मोस्टॅट हीटरला मधूनमधून विश्रांती देतो आणि मोजणी फसते.

मोजणी पूर्ण भरली, तर हीटर निर्दोष आहे आणि उष्णता कपड्यांपर्यंत पोचत नाही किंवा दमट हवा बाहेर पडत नाही, असे समजावे. दाराजवळची जाळी काढून तिच्यावर बसलेला कापूस सोलून घ्यावा. जाळी दिसायला स्वच्छ असली तरी कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा पातळ थर छिद्रे बुजवतो, म्हणून तिच्यावर पाणी ओतून पाहावे. पाणी वर साचले तर ती साबणाने घासून पूर्ण वाळवावी. बाहेर जाणारा पाइप दुमडलेला, फार लांब किंवा उंदरांनी नि पक्ष्यांनी घरटे करून बुजवलेला नसावा. पाण्याची टाकी असलेल्या प्रकारात टाकी रिकामी करावी आणि खालचा संघनक, म्हणजे दमट हवा गार करून तिचे पाणी करणारा भाग, काढता येत असेल तर तो धुवावा. मुख्य म्हणजे ड्रम गच्च भरू नये, विशेषतः गोधडी किंवा जाड सुती धोतरे असतील तेव्हा.

मोजणी अर्धवट, म्हणजे शंभराऐवजी साठ-सत्तर आली, तर ड्रायरचा दोष नसण्याचीच शक्यता अधिक. खेड्यात ही स्थिती अनेकांना सोसावी लागते. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर २००० वॅटचा हीटर सुमारे १२२५ वॅटच काम करतो. व्होल्टेज पाऊणपट उरले असे वाटते, पण उष्णता मात्र जवळपास चाळीस टक्क्यांनी घटलेली असते. एकाच डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, गावाची घरे आणि पंप असतील, तर पंप सुरू असताना हे हमखास जाणवते, आणि लाइनीच्या शेवटच्या घराला सर्वाधिक. येथे मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज आणि रोध मोजणारे छोटे यंत्र, दोनदा लावावा: त्याच सॉकेटवर, एकदा ड्रायर बंद असताना आणि एकदा तो तापत असताना. बंद असताना १८५ आणि चालू असताना १८० दिसले, तर कमी दाब बाहेरूनच येत आहे. तारीख, वेळ आणि वाचन लिहून वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी आणि तोवर पंप बंद असण्याच्या वेळी कपडे वाळवावेत. फ्रीजचा छोटा स्टॅबिलायझर ड्रायरला लावू नये. घ्यायचाच असेल तर तो चार-पाच केव्हीएचा लागेल.

बंद असताना २२५ आणि चालू होताच १९० दिसले, तर गोष्ट वेगळी आणि अधिक गंभीर आहे. तो ३५ व्होल्टांचा तोटा बहुधा आपल्याच घराच्या वायरिंगमध्ये किंवा खांबापासून मीटरपर्यंतच्या सर्व्हिस वायरमध्ये होत असतो. आठ अँपिअरच्या प्रवाहाला याचा अर्थ अडीचशेहून अधिक वॅटची उष्णता बारीक वायरीत किंवा एखाद्या सैल सांध्यात साचते असा होतो, आणि सांधा कवेलूच्या छपराखाली लाकडी वाशाला लागून असेल तर आग लागायला वेळ लागत नाही. ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याची तार नुसती पिळून जोडलेली असते, ती जागा आधी संशयास्पद धरावी. ड्रायर सुरू होताच घरातील काही दिवे मंद आणि काही जास्त प्रखर होत असतील, तर न्यूट्रल, म्हणजे विजेच्या परतीची तार, सुटत आहे. मेन स्विच तात्काळ पाडून वायरमनला बोलवावे. प्लगची पिन तपकिरी पडली असेल, सॉकेटमध्ये ती ढिली बसत असेल, तर दोन्ही बदलावेत आणि ते १६ अँपिअरचेच घ्यावेत.

मोजणी अगदी तुटपुंजी आली तरच यंत्र उघडावे. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग उपसून तो नजरेसमोर ठेवावा, हात व जमीन कोरडी असावी, पायात चप्पल असावी आणि मोटरच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते म्हणून त्याच्या टोकांना बोट लावू नये. पत्र्याच्या कडा धारदार असतात. हीटर काही यंत्रांत मागे, काहींत खाली असतो. पत्र्याच्या खोक्यात स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार दिसते. ती तुटली असेल तर एखाद्या ठिकाणी दोन काळवंडलेली टोके एकमेकांपासून दूर गेलेली आढळतात. प्रथम खोक्याला जोडलेल्या वायरींच्या टोकांवरील टोप्या नीट पाहाव्यात: निळसर पडलेली, सैल झालेली पितळी टोपी हाच पुष्कळदा खरा दोष असतो आणि ती बदलणे स्वस्तात होते. नंतर एका बाजूची तार सोडवून हीटरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मल्टिमीटरने मोजावा. २३० व्होल्ट, २००० वॅटच्या हीटरला तो २६ ओहमच्या आसपास यावा. काहीच वाचन न आल्यास तार तुटली. मल्टिमीटरचे एक टोक हीटरला आणि दुसरे यंत्राच्या पत्र्याला लावल्यावर मात्र कोणतेही वाचन येता कामा नये. आले तर हीटर पत्र्याला टेकला आहे, आणि अर्थिंग नसलेल्या घरात अशा यंत्राला हात लावणे जिवावर बेतू शकते. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडून अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो, तोही याच निमित्ताने तपासून घ्यावा.

हीटर ठीक निघाला, तर त्याच्या अंगालगत बसवलेला थर्मल फ्यूज (फार तापल्यास वीज कायमची तोडणारा भाग) आणि थर्मोस्टॅट यांचा रोध मोजावा. थंड असताना दोघांचेही वाचन शून्याजवळ हवे. काही यंत्रांत एक छोटे बटण दाबून थर्मोस्टॅट पुन्हा जोडता येतो. थर्मल फ्यूज मात्र एकदा गेला की बदलावाच लागतो. तो काढून टाकून तारा सरळ एकमेकींना जोडण्याची युक्ती काही जण करतात. ती कधीही करू देऊ नये, कारण हवा अडल्यावर हीटर थांबवणारे काही उरत नाही आणि आत कोरडा कापूस असतो. फ्यूज आपोआप जात नाही, जाळी किंवा पाइप बुजल्यामुळेच बहुधा जातो. म्हणून वाट मोकळी केल्याशिवाय नवा बसवला तर तोही जाईल. तापमान मोजणारा सेन्सर मुठीत धरल्यावर त्याचा रोध हळूहळू उतरत गेला पाहिजे. हे सर्व ठीक असेल तर दोष बहुधा नियंत्रण पट्टीवरील रिलेमध्ये, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये, असतो आणि तेथे यंत्र जाणत्या मिस्त्रीच्या स्वाधीन करावे. सुटा भाग मागवताना मागच्या पट्टीवरील मॉडेल क्रमांकाचा फोटो पाठवला म्हणजे तालुक्याच्या दुकानातून चुकीचा माल येत नाही.

भाग बसवून झाल्यावर झाकण पक्के लावावे, ड्रममध्ये एक-दोन ओले टॉवेल घालून यंत्र सुरू करावे आणि मीटरचा दिवा पुन्हा मोजावा. मोजणी पूर्ण भरल्यावर पंधरा मिनिटांनी स्विच बंद करून प्लग काढावा व पिनांना हात लावून पाहावा. त्या चटका बसण्याइतक्या गरम असतील, तर सॉकेट बदलेपर्यंत यंत्र वापरू नये.