आधी ताबा, मग इंजिन: कार्डपेपरच्या ग्लायडरवर राइट बंधूंचा धडा

विमानाला इंजिन बसवणं हे राइट बंधूंच्या यादीतलं शेवटचं काम होतं. १८९९ मध्ये पतंग, १९०० ते १९०२ दरवर्षी एक बिनइंजिनाचं ग्लायडर, आणि १९०३ मध्ये इंजिन. त्याच काळात अमेरिकी शास्त्रज्ञ सॅम्युएल लँग्ली यांनी ५२ अश्वशक्तीचं इंजिन हाताशी ठेवून विमान उभं केलं. ते १९०३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा डिसेंबरात उड्डाण घेताच पोटोमॅक नदीत पडलं. नीट उडालं असतं, तरी वैमानिक ते वळवणार कसं, हा प्रश्न राहिलाच असता. राइटांच्या इंजिनात जेमतेम १२ अश्वशक्ती होती.

त्यांचा क्रम घरी गिरवता येतो. एक दुपार पुरते.

ग्लायडर जोडा

लग्नपत्रिकेइतका जाड कार्डपेपर, २८ सेंमी लांबीची बांबूची सरळ काडी, चिकटपट्टी आणि मुलांचा क्ले घ्या. पंखाची पट्टी २४ × ५ सेंमी, आडवं शेपूट ८ × ३.५ सेंमी, उभं शेपूट ४ × ४ सेंमी. पंखाची पट्टी टेबलाच्या कडेवरून हलकेच ओढा, म्हणजे तिला रुंदीत थोडा बाक येईल. फुगीर बाजू वर ठेवायची. हा बाक किरकोळ समजू नका. १९०१ च्या ग्लायडरला अपेक्षेइतकी उचल मिळेना, तेव्हा दोघांनी डेटनला, आपल्या गावी, परतून लाकडी पेटीचा वातबोगदा (आतून वारा सोडून पंख तपासायची पेटी) केला आणि त्यात सुमारे २०० आकारांचे छोटे पंख तपासले.

पंख मधोमध दुमडून दोन्ही टोकं साधारण २ सेंमी वर उचला. पंखाची पुढची कड काडीच्या टोकापासून ८ सेंमीवर येईल असा तो चिकटवा. दोन्ही शेपटं मागच्या टोकाला. टोकं वर असली की ग्लायडर आपोआप सावरतं. राइटांनी मात्र टोकं मुद्दाम किंचित खाली झुकवली होती. बाजूच्या वाऱ्याने पंख उचलला जाऊ नये म्हणून, आणि सावरण्याचं काम वैमानिकाने करावं म्हणून. सायकलींचं दुकान चालवणाऱ्या या भावांना हे पटणं सोपं होतं. सायकलही चालवणाऱ्याशिवाय उभी राहत नाही. आपल्या ग्लायडरवर वैमानिक नाही, म्हणून टोकं वरच बरी.

नाक सांभाळा

पंखाच्या पुढच्या कडेपासून पावणेदोन सेंमीवर दोन बोटांनी तोलून पाहा. ग्लायडर आडवं राहीपर्यंत नाकावर क्ले वाढवत जा. मग खोलीतला पंखा बंद करून, खांद्याच्या उंचीवरून, नाक जरासं खाली ठेवून सोडा. फेकायचं नाही, सोडायचं.

नाक वर जाऊन ग्लायडर थबकलं आणि पडलं, तर आडव्या शेपटाची मागची कड केसभर खाली वाकवा. सरळ जमिनीत घुसलं, तर तीच कड वर. यात घाई नको. एका वेळी एकच बदल, मग दोन-तीनदा सोडून पाहणं. राइटांच्या आधीचे जर्मन ग्लायडरवीर ओटो लिलिएंथाल शरीराचं वजन इकडेतिकडे झुकवूनच ग्लायडर सांभाळत. १८९६ मध्ये ते कोसळून गेले. राइटांनी त्या जागी हलता एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा आडवा छोटा पंख) दिला, तोही पुढच्या बाजूला.

पंख पिळा

उजव्या टोकाची मागची कड बोटांनी किंचित खाली पिळा, डाव्याची तितकीच वर. उजवा पंख जास्त उचल घेतो आणि ग्लायडर डावीकडे कलतं. दोघा भावांपैकी विल्बरला ही युक्ती सायकलच्या ट्यूबचं रिकामं खोकं हातात पिळताना सुचली.

आता नीट पाहा. ग्लायडर डावीकडे कलतं, पण नाक आधी उजवीकडे सरकू पाहतं, कारण जास्त उचल घेणाऱ्या पंखाला हवेचा अडथळाही जास्त होतो. सगळी मेख इथेच आहे. १९०२ च्या ग्लायडरला आधी न हलणारं उभं शेपूट होतं, आणि कधी कधी ग्लायडर एका बाजूला घसरत गिरकी घेऊन वाळूत रुतायचं. ते शेपूट हलतं करावं ही दुसऱ्या भावाची, ऑर्व्हिलची कल्पना. पंख पिळण्याच्या तारांनाच ते जोडावं ही विल्बरची.

तेच करा. डावीकडे वळायचं असेल तर उभ्या शेपटाची मागची कड डावीकडे वाकवा, मिलिमीटरभर. जास्त वाकवलंत तर ग्लायडर भोवऱ्यासारखं खाली येईल.

आता ताकद

नाकाजवळ काडीला खालून खाच पाडून तीत रबरबँड अडकवा, थोडं ताणून सोडा. समोर कोणी उभं नको, डोळ्यांना धोका असतो. मघाशी सुरेख तरंगणारं ग्लायडर आता वर उसळेल: वेग वाढला की तोच बाक जास्त उचल देतो. आडव्या शेपटाची कड पुन्हा जुळवावी लागेल. १७ डिसेंबर १९०३ ला अमेरिकेतल्या किल डेव्हिल हिल्स या वाळूच्या टेकड्यांजवळ ऑर्व्हिलचं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं आणि ३६ मीटरचं झालं, तेही खालीवर हेलकावत. त्याच दिवशी विल्बर ५९ सेकंदांत २६० मीटर गेला.

पूर्ण गोल मारायला त्यांना सप्टेंबर १९०४ उजाडला. तुम्हाला गोल हवा असेल तर मोठा हॉल शोधा, पंखाचा पीळ आणि उभ्या शेपटाचा वाक दोन्ही अगदी थोडे ठेवा. वळताना ग्लायडर उंची गमावत असेल, तर आडव्या शेपटाची कड अजून अर्धा मिलिमीटर वर घ्या.